एसीचा टन कशाचा?

आजची गोष्ट एका प्रश्नाने सुरू होते, ज्यात माझी चांगलीच फजिती झाली.

आमचे बाबा कुपवाड एमआयडीसीत बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. घरी पहिला एसी बसवला तेव्हा त्यांनी विचारलं, "दीड टनाचा म्हणतोयस, तो टन कशाचा रे?" मी बीटेक. म्हटलं, "कपॅसिटी असते ती." बाबा म्हणाले, "ते कळलं. पण टनच का?" मला काही सांगता येईना. मग तेच म्हणाले, "बर्फाचा."

शोधत गेलो आणि थेट १८३३ सालात पोचलो. त्या वर्षी मे महिन्यात 'टस्कनी' नावाचं जहाज बॉस्टनहून कलकत्त्याला निघालं. आत होता तळ्यांतून कापलेला १८० टन बर्फ. व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर. चार महिने प्रवास, दोनदा विषुववृत्त पार, आणि तरी कलकत्त्यात साधारण १०० टन बर्फ शाबूत उतरला! पुढच्याच वर्षी मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढलं गेलं. पुढे फोर्टमध्ये बर्फ साठवायला खास 'आइस हाउस' बांधलं. ते आता नाही, पण मद्रासचं अजून मरीनावर उभं आहे.

आता प्रश्न असा, की लाकडाच्या भुश्यात दाबून ठेवलेला बर्फ चार महिने टिकतो कसा? भुसा उष्णता आत शिरू देत नाही, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं दहावीच्या विज्ञानात आहे. तो आलेख आठवतोय? बर्फ तापवताना रेघ शून्यापर्यंत चढते आणि मग आडवी होते. उष्णता देतोय, पण तापमान हलत नाही. कारण ती सगळी उष्णता स्थायूचा द्रव करण्यात खर्च होते. हाच अप्रकट उष्मा. एक किलो बर्फ नुसता वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापतं.

ट्यूडरच्या सत्तर वर्षं आधी ग्लासगोत जोसेफ ब्लॅकने हे ओळखलं होतं. त्याचं म्हणणं साधं होतं: शून्य अंशाला पोचताच बर्फ झटकन वितळला असता, तर दर वसंतात डोंगरावरचं सगळं बर्फ एकदम खाली येऊन भयंकर पूर आले असते. २०१९ पाहिलेल्या सांगलीकराला हा मुद्दा वेगळा समजावावा लागत नाही.

पुढे यंत्राने बर्फ बनू लागला आणि जहाजांचा धंदा बसला. पण यंत्राची ताकद सांगायची कशी? लोकांच्या ओळखीचं माप बर्फच होतं. म्हणून ठरलं: २४ तासांत एक टन बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी बाहेर ओढणारं यंत्र एक टनाचं. हा टन अमेरिकी, म्हणजे ९०७ किलोंचा. हिशोब केला तर सुमारे साडेतीन किलोवॉट.

आज कुपवाडच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये बेदाणा ठेवतात. तिथे दोन टन शेजारी शेजारी असतात. बेदाण्याचा टन वजनाचा, मशीनचा टन मात्र वितळलेल्या बर्फाचा.

लहानपणी मी बाबांना डबा द्यायला कारखान्यात जायचो. लाइट गेली की नवीन पोरं घाबरून टाकीचं झाकण उघडून लाद्या बघायची. बाबा ओरडायचे, "झाकू दे! बर्फाला घाई नसते, तुम्हालाच आहे." मला तेव्हा वाटायचं, बाबा उगाच रागावतात. अप्रकट उष्मा हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. मी तो पाठ करून पाचपैकी पाच मार्क मिळवले होते, आणि तरी घरातल्या एसीवरचा टन मला वाचता आला नव्हता.