बोस, आइन्स्टाइन आणि अर्धा भोवरा

१ जानेवारी आला की सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरचं एक फॉरवर्ड हमखास फिरतं. "आइन्स्टाइनने आपल्या बोसांचं संशोधन ढापलं." मित्रांनो, पाठवायच्या आधी जरा थांबा.

१९२४ च्या जूनमध्ये ढाका विद्यापीठातल्या बोसांनी आइन्स्टाइनला प्रकाशकणांवरचा एक लेख पाठवला. आपल्याला पुरेसं जर्मन येत नाही, लेख योग्य वाटला तर छापून आणा, अशी विनंती केली. आइन्स्टाइनने स्वतः भाषांतर करून तो बोसांच्याच नावाने छापून आणला. याला ढापणं म्हणत नाहीत. तीच मोजणी पुढे अणूंना लावून, फार थंड केल्यावर ते सगळे एकाच अवस्थेत गोळा होतील, हे मात्र आइन्स्टाइनने काढलं. तेही श्रेय त्याला द्या की!

तक्रारीला थोडी जागा आहे, पण ती वेगळीच. प्रकाशकणाला स्वतःची गिरकी (स्पिन) असते असं आपण लेखात सुचवलं होतं आणि आइन्स्टाइनने ते काढून टाकलं, असं बोसांनी उतारवयात सांगितल्याचं त्यांच्या एका विद्यार्थ्याने नोंदवलंय. छापील लेखात गिरकी नाही, हे खरं.

पुढे ही गिरकी अणूंच्या रूपाने परत आली. १९९५ साली अमेरिकेत बोल्डरला कॉर्नेल आणि वीमन यांनी रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या वर, एका अंशाच्या पन्नास लाखाव्या भागापेक्षाही कमी तापमानाला नेले आणि ते एक झाले. बोस १९७४ लाच गेले होते.

आता भोवरा. चहा ढवळला की हवा तसा, कमी-जास्त वेगाने फिरतो आणि थांबतो. अतिप्रवाही द्रवात घर्षणच नाही. तिथे सगळे अणू मिळून एकच लाट असते आणि भोवऱ्याभोवती एक फेरी मारून आल्यावर ती लाट स्वतःशी जुळलीच पाहिजे. म्हणून फिरणं एकपट, दोनपट, तीनपट असंच. दीडपट चालत नाही. हे ऑन्सागर यांनी १९४९ मध्ये हेलियमसाठी सांगितलं होतं, फाइनमनने १९५५ मध्ये ते विस्ताराने मांडलं. थंड वायूतला पहिला भोवरा १९९९ मध्ये बोल्डरलाच दिसला.

पण अणूंची गिरकी मोकळी असेल तर? चुंबकीय सापळा तिला बांधून ठेवतो. १९९८ मध्ये एमआयटीत केटर्ले यांच्या गटाने अणू लेझरच्या सापळ्यात धरले, तेव्हा ती मोकळी झाली. (मराठीत पाण्यातलाही भोवरा आणि दोरीने फिरवायचाही भोवरा. इथे एकात दुसरा बसलाय.)

सोडियमच्या अणूंत गिरकीची मांडणी लाटण्यासारखी असते, तिला टोक आहे पण बाण नाही. लाटणं अर्धं फिरवलं तरी तसंच दिसतं. मग फेरी पूर्ण होईपर्यंत लाट अर्धीच फिरली, तर उरलेला फरक गिरकी अर्धी वळून भरून काढते. अर्धा भोवरा चालतो!

२०१५ मध्ये सोल राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटाने ते प्रत्यक्ष दाखवलं: एक पूर्ण भोवरा फुटून त्याचे दोन अर्धे भोवरे झाले आणि एकमेकांपासून लांब सरकले. दोघांच्या पोटातलं चुंबकत्व उलट दिशेचं निघालं.