लिंकिंग रिंग: कड्यांची निवड आणि डोंगरगावचा प्रेक्षक

धातूची अखंड दिसणारी कडी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत एकमेकांत अडकवणे, त्यांची साखळी करणे आणि ती पुन्हा सुटी करून दाखवणे, या प्रयोगाला जादूगारांच्या बोलण्यात ‘लिंकिंग रिंग’ किंवा ‘चायनीज रिंग’ असे म्हटले जाते. रंगमंचीय जादूच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. मोठी यंत्रसामग्री, पेट्या, पिंजरे आणि साहाय्यकांचा ताफा यांपैकी काहीही त्याला लागत नाही. दोन हात आणि काही कडी एवढ्यावर तो उभा राहतो. त्यामुळेच साधनाच्या निवडीला या प्रयोगात जितके महत्त्व येते तितके फार थोड्या प्रयोगांत येते. कड्याचा व्यास, गजाची जाडी, वजन, नाद, चकाकी आणि संचातील कड्यांची संख्या या गोष्टी जादूगाराच्या आवडीने ठरतात असे वरवर वाटते. इतिहास पाहिला तर त्या बहुधा प्रेक्षक किती, कोठे आणि किती जवळ बसला आहे यावरून ठरत आल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकात रूढ झालेल्या संचात आठ कडी असत. त्यांपैकी दोन सुटी, दोन एकमेकांत कायमची अडकवलेली, तीन साखळीसारखी जोडलेली आणि उरलेले एक ‘की-रिंग’ म्हणजे किल्लीकडे, ज्यात बोटाआड झाकता येईल असा छेद असतो. लंडनमध्ये १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रोफेसर हॉफमन यांच्या ‘मॉडर्न मॅजिक’ या ग्रंथात हा प्रयोग आणि त्याची रीत यांचे वर्णन आहे. म्हणजे हे गुपित छापील होऊन जवळजवळ दीड शतक लोटले, तरीही प्रयोग टिकून राहिला. प्रयोगाची ताकद गुपितात फारशी नसून हाताळणीत आणि साधनाच्या दर्जात आहे, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

या प्रयोगाचा युरोपातील प्रवास फिलीप या रंगनामाने वावरणाऱ्या फ्रेंच जादूगारापासून सांगण्याची प्रथा आहे. मुळात मिठाईच्या धंद्यातील असलेल्या या गृहस्थाने १८३०च्या दशकात डब्लिन येथे आलेल्या एका चिनी मंडळीकडून कड्यांचा आणि मत्स्यपात्रांचा प्रयोग आत्मसात केला व पुढे पॅरिसमध्ये तो लोकप्रिय केला, असे जादूचे इतिहासकार सांगतात. ‘चायनीज’ हे विशेषण तेव्हापासून त्याला चिकटले. पुढच्या काळात चिनी वेश घालून, चिनी वाटावे असे नाव घेऊन रंगमंचावर येणाऱ्या पाश्चात्त्य जादूगारांची एक लाटच उसळली. चुंग लिंग सू या नावाने गाजलेला आणि १९१८ साली लंडनच्या रंगमंचावर बंदुकीची गोळी झेलण्याच्या प्रयोगात प्राणास मुकलेला जादूगार प्रत्यक्षात विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकन होता. अशा वातावरणात मोठ्या व्यासाची, लखलखणारी आठ-आठ कडी ही प्रथा झाली, कारण प्रेक्षक दूर, अंधारात आणि एकाच बाजूस बसत असे.

महाराष्ट्रात जादू दाखवणारा माणूस मूळचा या रंगमंचाचा नव्हता. गारुडी आणि मदारी यांचा खेळ चौकात, बाजारात किंवा जत्रेच्या मैदानात होई. प्रेक्षक चहूबाजूंनी कोंडाळे करून उभे राहत आणि सगळे साहित्य खांद्यावरच्या झोळीत मावावे लागे. वाट्या आणि गोळे, टोपलीचा खेळ, आंब्याचे रोप उगवून दाखवणे असे प्रयोग या पद्धतीत बसत होते. कड्यांचा प्रयोग मात्र बसणे अवघड होते, कारण छेद समोरच्यापासून झाकता आला तरी पाठीमागे उभ्या असलेल्या पोरापासून तो झाकणे कठीण जाते, आणि गर्दीतले पोर नेमके पाठीमागेच उभे असते. विष्णुदास भावे यांच्या १८४३ सालच्या सांगलीतील नाट्यप्रयोगानंतर मराठी रंगभूमी आकारास आली आणि मुंबईत १८४६ साली ग्रँट रोडवर नाट्यगृह उभे राहिले, तेव्हा समोर बसणाऱ्या, तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाची सवय हळूहळू पडू लागली. परदेशी जादूगारांचे दौरे त्याच सुमारास भारतात होऊ लागले होते. हॅरी केलर हा अमेरिकन जादूगार १८८२ साली कोलकात्यात होता. बंदिस्त नाट्यगृहाची जादू आणि मोकळ्या मैदानाची जादू यांतील दरी येथून रुंदावत गेली. पुढे १९५९च्या मुंबई भीक प्रतिबंध अधिनियमात सार्वजनिक ठिकाणी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखवणे या निमित्ताने पैसे मागणे हेही भीक मागण्याच्या व्याख्येत आले. रस्त्यावर पोट भरणाऱ्या कलावंतावर त्याने कायद्याची टांगती तलवार ठेवली, आणि हा अन्याय होता असे म्हणणे भाग आहे.

या दोन जगांच्या मधोमध पोलादपूर तालुक्यातील कुडपणसारखे गाव येते. प्रतापगडाच्या परिसरात, सह्याद्रीच्या कुशीत वसलेले हे गाव परंपरेने शेलारमामांचे गाव म्हणून ओळखले जाते. त्याच तालुक्यातील उमरठ येथे तानाजी मालुसरे यांचे स्मारक आहे, आणि ‘भीमाची काठी’ नावाच्या धबधब्यामुळे अलीकडे पर्यटकही कुडपणच्या वाटेला लागले आहेत. पूर्वी या डोंगरपट्ट्यातील व्यवहाराचे तोंड महाडकडे असे, कारण सावित्री नदीवरील महाड हे बंदर होते आणि बाणकोटच्या खाडीतून येणारा माल तेथून वर चढे. अशा गावात नाट्यगृह नसते. खेळ होतो तो देवळाच्या प्रांगणात, शाळेच्या ओसरीवर किंवा एखाद्याच्या अंगणात. पहिली रांग जमिनीवर बसलेल्या मुलांची, जादूगाराच्या हातापासून दोन-तीन पावलांवर, आणि उरलेली माणसे तीन बाजूंनी. मुंबईत नोकरीला असलेले चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला परततात, तेव्हा शहरातील नाट्यगृह पाहिलेला प्रेक्षकही त्या अंगणात बसतो. रंगमंचासाठी घडवलेला संच येथे उघडा पडण्याची भीती असते.

अडकवलेल्या लोखंडी कड्यांची विद्या मात्र या परिसराला परकी नाही. प्रतापगडाच्या भेटीच्या कथेत ज्याचा उल्लेख येतो ते चिलखत म्हणजे कड्यांचेच वस्त्र होय. सर्वसाधारण बांधणीत प्रत्येक कडे शेजारच्या चार कड्यांत ओवलेले असे. उत्तम चिलखतात कड्याची टोके चपटी करून, एकावर एक घेऊन रिवेटने पक्की केलेली असत. हलक्या प्रतीच्या चिलखतात ती नुसती एकमेकांना भिडवून सोडलेली असत आणि शस्त्राच्या जोरदार घावाखाली उघडत. योद्ध्याच्या दृष्टीने जे वैगुण्य, तेच किल्लीकड्याचे सारे सामर्थ्य आहे, फक्त त्याचा छेद अपघाताने न राहता मोजून ठेवलेला असतो. जोड कोठे आहे आणि तो किती भार सोसतो, हा प्रश्न लोहाराला आणि जादूगाराला सारखाच पडतो.

वजनाचा हिशेब केला की निवडीतील खरी अडचण दिसते. कड्याचा व्यास २५ सेंटिमीटर (दहा इंच) आणि गजाची जाडी ८ मिलिमीटर धरली तर भरीव पोलादी कडे सुमारे ३१० ग्रॅम भरते. आठ कड्यांचा संच अडीच किलोच्या आसपास जातो. व्यास ३० सेंटिमीटर केला तर हाच संच तीन किलोंवर पोहोचतो. एका हातात पाच-सहा कडी धरून, दुसऱ्या हाताने त्यांतील एक सहजपणे सोडवल्याचा आव आणायचा असतो, आणि मनगट थकले की तो आव टिकत नाही. गजाची जाडी कमी करण्याचा परिणाम व्यास कमी करण्यापेक्षा मोठा असतो, कारण वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते: त्याच २५ सेंटिमीटरच्या कड्यासाठी गज ६ मिलिमीटरचा घेतला तर वजन सुमारे १७५ ग्रॅमवर येते, आणि २० सेंटिमीटरचे (आठ इंचांचे) कडे १४० ग्रॅममध्ये होते. मात्र गज फार बारीक झाला तर त्याला दोन तोटे लागतात. दूरच्या रांगेतून कडे दिसेनासे होते, आणि आडव्या ताणाखाली ते लंबवर्तुळाकार होऊ लागते. किल्लीकडे वाकले की त्याचा छेद रुंदावतो किंवा टोके एका रेषेत राहत नाहीत. ॲल्युमिनियमचे कडे पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचे असते आणि म्हणून मोहात पाडते, परंतु त्याचा नाद पोलादासारखा उमटत नाही. पोकळ नळीची कडी हलकी असली तरी आपटल्यावर त्यांना पोचे पडतात.

नादाचा मुद्दा पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. कड्यावर कडे आपटल्याचा स्वच्छ आवाज हा ती भरीव व अखंड असल्याचा कानाला मिळणारा पुरावा असतो, आणि डोळ्यांनी शंका घेणारा प्रेक्षकही कानावर विश्वास ठेवतो. छेद असलेल्या कड्याचा नाद बंद कड्यासारखा येत नाही. म्हणून ते बोटांत घट्ट धरूनच वाजवावे लागते, किंवा त्याच्या वाट्याचा आवाज शेजारच्या कड्याकडून काढून घ्यावा लागतो. संच विकत घेताना प्रत्येक कडे दोऱ्याला टांगून वाजवून पाहणे हा जुना आणि शहाणपणाचा नियम आहे. जी कडी जोडावर नीट वितळवून, घासून सपाट केलेली नसतात ती या परीक्षेत आणि बोट फिरवण्याच्या परीक्षेत पकडली जातात. अलीकडे ‘लॉकिंग की’ नावाची, म्हणजे छेद सरकत्या तुकड्याने बंद करता येणारी किल्लीकडीही मिळतात. ती प्रेक्षकांच्या हाती देता येतात, पण त्यांची हालचाल बिघडली तर ऐन प्रयोगात घात होतो.

पृष्ठभागाच्या निवडीत कोकणच्या हवामानाचा हात असतो. शेजारच्या महाबळेश्वरवर वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि घाटाखालच्या या पट्ट्यात पावसाळ्यातील दमटपणा महिनोन्‌महिने हटत नाही. साध्या पोलादावर क्रोमचा मुलामा दिलेले कडे नवे असताना उत्तम चकाकते, पण किल्लीकड्याच्या छेदाशी मुलामा हमखास झिजतो आणि नेमका तेथेच गंज धरतो. तांबूस डाग पडलेले टोक बोटाआड लपत नाही. या प्रदेशात गंजरोधक पोलाद, म्हणजे स्टेनलेस स्टील, थोडे महाग पडले तरी घ्यावे हे उघड आहे.

मराठी प्रेक्षकाला रंगमंचीय जादूची गोडी लावण्यात पुण्याचे जादूगार रघुवीर, म्हणजेच रघुवीर भोपळे (१९२४–१९८४), यांचा वाटा मोठा आहे. देशोदेशी प्रयोग करून त्यांनी ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिले, आणि त्यांच्या घरात पुत्र विजय व नातू जितेंद्र यांनी हा व्यवसाय पुढे चालवला. नाट्यगृहाची शिस्त आणि घरंदाज करमणुकीची प्रतिष्ठा या घराण्याने जादूला मिळवून दिली. याच काळात जगभर कड्यांची संख्या घटत होती. डाय व्हर्नन यांच्या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिंफनी ऑफ द रिंग्ज’ या रचनेत सहा कडी आहेत. हॉलंडच्या रिचर्ड रॉस याने १९७० आणि १९७३ साली जागतिक जादू परिषदेचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले ते याच प्रयोगाच्या आणखी मोजक्या, संथ मांडणीमुळे. कडी कमी झाली की प्रेक्षकाला प्रत्येक जोड आणि प्रत्येक सुटका नीट पाहता येते, आणि हाताचे खरे कौशल्य तेथे कसाला लागते. आठ कड्यांच्या खणखणाटात पुष्कळ सैलपणा खपून जातो, हे कबूल करावे लागते.

डोंगरी भागात या प्रयोगाला आणखी एक पदर आहे. करणी, देवरुषी आणि अंगात येणे यांवरील विश्वास जेथे पूर्णपणे ओसरलेला नाही, तेथे जादूचा प्रयोग आणि जादूटोणा यांतला भेद लोकांपुढे स्पष्ट मांडावा लागतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते म्हणूनच कथित चमत्कार स्वतः करून दाखवतात आणि त्यांमागची युक्ती उलगडतात. राज्याने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला तेव्हाही करमणुकीची जादू आणि फसवणुकीसाठी वापरलेला चमत्कार हा फरक ध्यानात घेणे आवश्यक होते. तपासणीसाठी कडी प्रेक्षकांच्या हाती देण्याची जुनी प्रथा या दृष्टीने मोलाची आहे, कारण जादूगार तपासायला बोलावतो आणि बुवा तपासू देत नाही. सुटी कडी भरीव, जोडरहित आणि गुळगुळीत असली तरच ती बिनदिक्कत गावकऱ्यांच्या हाती देता येतात.

ही सर्व बंधने एकत्र ठेवली तर कुडपणसारख्या गावच्या अंगणासाठी नाट्यगृहातला आठ कड्यांचा, ३० सेंटिमीटरांचा संच गैरसोयीचाच ठरतो. तेथे २० ते २५ सेंटिमीटर व्यासाची, ६ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस पोलादाची चार किंवा पाच कडी पुरेशी आहेत, आणि सगळी मिळून त्यांचे वजन एक किलोच्या आतच राहते.