मधला माणूस कोणाचा?

मुंबईच्या गिरण्यांत मालक आणि कामगार यांच्या मध्ये पहिल्यांदा उभा राहिला तो जॉबर. कोकणातून, देशावरून माणसं आणायची, त्यांना खात्यात लावायचं, खोलीत पथारीपुरती जागा मिळवून द्यायची, अडीनडीला उसने पैसे द्यायचे आणि या सगळ्याची दस्तुरी वसूल करायची, हा त्याचा उद्योग. बायकांच्या खात्यात तेच काम नायकीण करी. दंड बसला, खाडा पडला, साच्यावरून वाद झाला, की मॅनेजरकडे जाणारी वाट जॉबरच्या दारावरूनच जाई. भांडण मिटवणारा तोच, आणि त्याचं स्वतःचं वरच्यांशी बिनसलं की अख्खं खातं बाहेर काढणाराही तोच. आजच्या एचआरला आवडो न आवडो, त्याच्या वंशावळीत सर्वांत वर हे गृहस्थ बसलेले आहेत.

याच्या नेमका उलटा माणूस ठाण्याने दिला. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म ठाण्यात, १८४८ सालचा. रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी करून ते एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. म्हणजे ते ना साच्यावरचे, ना साहेबांच्या टेबलावरचे. १८८० पासून ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक त्यांच्या हाती आलं. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर संकोच वाटावा इतक्या साध्या आहेत: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, कामावर अपघात झाला तर भरपाई. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन कामगार बायका बोलल्या, आणि १० जूनला मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

लोखंड्यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनकडे सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, नियमावलीही नव्हती. इतिहासकार त्यामुळे तिला युनियन म्हणायला बिचकतात. त्या काळच्या सरकारी अहवालांत लोखंड्यांची नोंद आहे ती मात्र वेगळ्याच कारणासाठी. जो कामगार तक्रार घेऊन येईल त्याला ते फुकट सल्ला देत. या कामाचा पगार त्यांना मालक देत नव्हता आणि कामगारही देत नव्हते. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत मधला माणूस अनेक रूपांत आला, पण या एका बाबतीत लोखंड्यांच्या जवळपास कोणी पोचलं नाही. १८९७ च्या प्लेगात ते गेले.

जॉबरवर खरा घाव बसला तो १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपानंतर. १९२९ ते ३१ या काळात व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांविषयीचं रॉयल कमिशन फिरलं. याच व्हिटलींनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये मालक-कामगारांच्या संयुक्त समित्यांची योजना मांडली होती. इथे त्यांच्या कमिशनने सुचवलं की भरतीचं काम जॉबरच्या हातून काढून कारखान्यातल्या लेबर ऑफिसरकडे द्यावं. १९३४ च्या संपानंतर मुंबई सरकारने समेटाचा कायदा केला आणि सरकारी लेबर ऑफिसर नेमला. कामगारांना आपला प्रतिनिधी निवडता आला नाही तर त्यांच्या वतीने याने बोलायचं, अशी सोय त्या कायद्यात होती. युनियन कमजोर असेल तिथे कामगारांचा वकील सरकारी नोकर. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण या सोयीने युनियनची गरज कमी होईल, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसेल, हे मानायला मन धजत नाही.

१९३८ च्या मुंबई औद्योगिक तंटे कायद्याने तर समेटाची पायरी सक्तीची केली. ती न चढता संप केला तर तो बेकायदा. डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन एक दिवसाचा संप झाला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोन पक्ष एका मुद्द्यावर एक झाले: समेट चांगला, पण समेटाची सक्ती म्हणजे कामगाराचे हात बांधणं.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर वाट दुभंगली, आणि ठाणे-कल्याणच्या दृष्टीने हे महत्त्वाचं. कापड गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागला. त्यात एका भागातल्या एका धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन. कामगाराचा विश्वास तिच्यावर असो नसो, बोलणार तीच. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाच्या मुळाशी हा कायदाही होता. ठाण्याच्या इंजिनिअरिंग आणि रासायनिक कारखान्यांना मात्र देशभराचा १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, तिची पहिली वसाहत वागळे इस्टेट, मग डोंबिवली. शहाडला सेंच्युरी रेयॉन, कळव्याला मुकुंद, मोहन्याला एन.आर.सी. प्रत्येक गेटवर वेगळी युनियन, प्रत्येक गेटवर वेगळा करार.

इथली भाषा त्यातून घडली. मागण्यांचा चार्टर द्यायचा, गेट मीटिंग घ्यायची, नाही ऐकलं तर गो स्लो, मग टूल डाउन. कंपनीकडून मेमो, चार्जशीट, डोमेस्टिक इन्क्वायरी. शेवटी दोघंही लेबर ऑफिसात. तिथल्या समेट अधिकाऱ्याला निकाल द्यायचा अधिकार नाही. दोघांना समोरासमोर बसवायचं आणि नाहीच जमलं तर फेल्युअर रिपोर्ट पाठवायचा. कायद्याने त्याला चौदा दिवस दिले होते, पण ‘तारीख’ या शब्दाचा अर्थ ज्याला कळतो त्याला हा आकडा वाचून हसू येईल. तरीही या बिनअधिकाराच्या माणसासमोर झालेल्या सहीला मोठं वजन. त्याला ‘बारा-तीन’चा करार म्हणत, १९४७ च्या कायद्याच्या कलम १२(३) वरून. दोघांनी आपापसात केलेला करार सह्या करणाऱ्यांपुरता. बारा-तीनचा करार सगळ्या कामगारांवर बंधनकारक, दुसऱ्या युनियनच्या सभासदांवरसुद्धा. त्यामुळे कोणाच्या सहीने बारा-तीन होतो यावरच युनियनांमध्ये मारामाऱ्या झाल्या. कामगार पुढारी दत्ता सामंतांचा जोर ठाणे-बेलापूर पट्ट्यात पोचला तेव्हा जुन्या पुढाऱ्यांचे गेटच्या गेट त्यांच्याकडे गेले. ताळेबंद पाहून मागणी ठरवणं सामंतांना मान्य नव्हतं. काही कारखान्यांत कामगारांना त्यामुळे स्वप्नातही नव्हती अशी पगारवाढ मिळाली, काही ठिकाणी टाळं लागलं. दोन्ही आठवणी याच शहरांत शेजारी शेजारी राहतात.

गेटच्या आतही मधली माणसं होतीच. शंभर किंवा अधिक कामगार असतील तिथे वर्क्स कमिटी. पण पगार आणि बोनस तिच्या कक्षेबाहेर ठेवल्यावर तिच्याकडे कँटीन आणि पिण्याचं पाणी उरलं. पाचशे किंवा अधिक कामगार असत तिथे वेल्फेअर ऑफिसर. कामगाराविरुद्धच्या शिस्तभंगाच्या कामात त्याने पडू नये, असं नमुना नियमांत लिहिलं होतं. प्रत्यक्षात त्याची खुर्ची पर्सोनेल खात्यात, आणि त्याचा गोपनीय अहवाल लिहिणारा तोच, जो चार्जशीटवर सही करतो.

या सगळ्या यंत्रणेत एक मोठं भोक होतं. ती घोळक्यासाठी बनवलेली होती. एकट्या कामगाराला काढलं तर त्याची तक्रार ‘औद्योगिक विवाद’ ठरत नसे. युनियनने किंवा बऱ्याच कामगारांनी ती उचलून धरली तरच कायदा तिच्याकडे बघायचा. १९६५ मध्ये कलम २-अ आलं आणि बडतर्फीपुरता एकटा माणूसही विवाद करू शकला. महाराष्ट्राने पुढे आणखी एक पाऊल टाकलं. १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथांची यादी आली आणि गुणवत्ता न पाहता एका गटाला झुकतं माप देणं, म्हणजे साधी वशिलेबाजी, त्या यादीत बसली. ऑफिसातलं सर्वांत जुनं भांडण पहिल्यांदा कोर्टात नेण्याजोगं झालं. या कायद्याचं म्हणावं तितकं कौतुक आपण केलेलं नाही.

मग कारखानेच निघून गेले. नोव्हेंबर २००९ मध्ये मोहन्याच्या एन.आर.सी.ला टाळं लागलं आणि थकलेल्या देण्यांचा प्रश्न दहा वर्षांहून अधिक काळ लोंबकळला. समोरच्या खुर्चीत मालकच नसेल तर समेट अधिकारी कोणाला बसवणार?

वागळे इस्टेटमध्ये शेडच्या जागी काचेच्या इमारती आल्या. डोंबिवलीच्या नोकरदाराला युनियन नवी नव्हती. १९७७ च्या डिसेंबरात र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली चौपन्न दिवसांचा संप केलेले सरकारी कर्मचारी इथे घरोघर होते. त्यांची मुलं खाजगी कंपन्यांत लागली आणि त्यांच्या हाती एचआरचा ईमेल पत्ता आला. शिवाय व्हिजिटिंग कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापलं की आपण कामगार नाही, अशी त्यांची समजूत. कोर्ट कार्डावरचं पद बघत नाही, माणूस काय काम करतो ते बघतं, हे त्यांना कोणी सांगत नाही. साहेबाची खरी तक्रार मग होते ती संध्याकाळच्या फास्टमध्ये, गाडीतल्या ग्रुपपुढे.

या साखळीतली अलीकडची सर्वांत विचारपूर्वक घडवलेली कडी कारखान्यातून आलीच नाही. १९९७ चा विशाखा निकाल आणि त्यावरचा २०१३ चा कायदा यांनी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आणली. तिची अध्यक्ष बाई, आणि एक सदस्य बाहेरचा, कंपनीच्या पगारावर नसलेला. या सदस्याची निवडही कंपनीच करते, हे खरं. तरी लोखंड्यांनंतर इतक्या वर्षांनी मधल्या माणसाचा पगार कोण देतो, हा प्रश्न कायद्याने निदान विचारला.

साध्या तक्रारींसाठी मात्र तो विचारलेला नाही. वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती २०१० च्या दुरुस्तीने आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती कायम ठेवली. जास्तीत जास्त दहा सदस्य, दोन्ही बाजूंचे सारखे, स्त्रियांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा, तीस दिवसांत काम पूर्ण. बाहेरचा एकही नाही. माझ्या मते ही या कायद्याची सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती एका ओळीच्या दुरुस्तीने भरून निघेल.

ती होईपर्यंत एक गोष्ट हातात आहे. या समितीचं अध्यक्षपद एक वर्ष मालकाकडे, एक वर्ष कामगारांकडे असं फिरलं पाहिजे, असं कायदा सांगतो. तुमच्याकडे यंदा ते कोणाकडे आहे, आणि कामगारांच्या बाजूची नावं कोणी ठरवली, हे भांडण लागायच्या आत लेखी विचारून ठेवा.