सूळ आणि शूळ

आजाऱ्याला आपण प्रथम विचारतो, 'कुठे दुखते?' जाणता वैद्य त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारतो, 'कसे दुखते?' या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता यावे म्हणून प्रत्येक भाषेने शतकानुशतके शब्द जमविले आहेत. आम्हा वकिलांच्या धंद्यातही हा प्रश्न येतो. परंतु तो विचारावयाचे आम्ही पुष्कळदा विसरतो. त्या विसराची किंमत कोणी मोजली, हे मी एका खटल्यात पाहिले, म्हणून हा लेखनप्रपंच.

तुकईथड हे बऱ्हाणपूर जिल्ह्यातील, मेळघाटच्या बाजूचे गाव. त्या मुलखात मराठी, निमाडी, हिंदी आणि कोरकू या भाषा एकाच बाजारात नांदतात. न्यायालयाची भाषा मात्र हिंदी. वीसेक वर्षांपूर्वी तिकडच्या एका वृद्ध मजूर बाईंना शेताच्या बांधावरून मारहाण झाली. सरकारी वकिलांच्या मदतीस मी नवखा बसलो होतो. बाई मराठीत म्हणाल्या, "काठी बसली तवा नुसती आग झाली. रात्री ठणका लागला. मग महिनाभर श्वास घेतला की बरगडीत सणक यायची." टिपणात उतरले ते एवढेच : 'दर्द हुआ'. तीन वेदनांची एक झाली, महिनाही गळाला, आणि मी गप्प बसलो.

हे गप्प बसणे लहानसहान नव्हते. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ साली ज्याचा मसुदा सिद्ध केला आणि जी १८६० साली मंजूर झाली, त्या दंडसंहितेत 'दुखापत' आणि 'जबर दुखापत' असा भेद होता. कलम ३२० अन्वये वीस दिवसपर्यंत तीव्र शारीरिक वेदना भोगावी लागली, तर दुखापत जबर ठरे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही मुदत पंधरा दिवसांवर आणली आहे. वेदना केवढी आणि किती दिवस, यावरच शिक्षा हलकी की भारी हे ठरावयाचे. आमच्या खटल्यात दुखापत साधी ठरली. निकालाला दुसरीही कारणे होती. पण त्या बाईंची 'सणक' न्यायाधीशांपर्यंत पोहोचलीच नाही, हे खरे.

पुढे या शब्दांचा मला नादच लागला. कायदा मूळचा इंग्रजीतला, म्हणून प्रथम इंग्रजी शब्द तपासले. वरवर पाहता सारखे दिसणारे हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'प्रिक' म्हणजे टोच. अणकुचीदार टोक, क्षणभर, वरचेवर. 'स्टिंग' याचा जुना अर्थ केवळ भोसकणे असा होता. पुढे तो विंचवा-मधमाशीकडे गेला, आणि आज त्यात टोचण्याबरोबर मागे राहणारी आगही येते. आपला 'डंख' त्याच्या जवळचा. 'स्मार्ट' म्हणजे खरचटल्या कातडीला मिठाचे पाणी लागावे तसे चुरचुरणे, झोंबणे. हुशार आणि टापटिपीचा हे त्याचे अर्थ मागाहूनचे. मुळात तो दुखण्याचाच शब्द आहे. 'ट्विंज' चिमटा घेण्यावरून आला; ती आपली चमक, आली आणि गेली. 'थ्रॉब' म्हणजे नाडीच्या ठोक्यासरशी येणारा ठणका. 'पँग' मात्र शरीराची सीमा ओलांडतो : भुकेची, प्रसूतीची कळ त्यात बसते, तशी पश्चात्तापाचीही.

या सर्वांवर छत्र धरणारा शब्द 'पेन'. त्याचे मूळ लॅटिन 'पीना', म्हणजे दंड, शिक्षा. 'पीनल कोड'मधील 'पीनल' त्याच घराण्यातला. न्यायालयात हजर होण्याचा हुकूम, 'सब्पीना', म्हणजे शब्दशः 'दंडाच्या धाकाखाली'. युरोपात शिक्षेचा शब्द वेदनेला चिकटला.

हे वाचून आपल्या भाषेकडे वळलो, तो इथेही तेच. गुन्हेगाराला ज्यावर चढवीत तो सूळ, आणि पोटात उठतो तो शूळ, हे दोन्ही एकाच संस्कृत 'शूल' शब्दाची लेकरे. शंकराच्या हातातील त्रिशूळातही तोच आहे. 'यातना' या शब्दाचाही एक जुना अर्थ यमाने दिलेली शिक्षा असाच. यमयातना आपण अजून म्हणतो. उलट 'वेदना' हा शब्द जाणणे या अर्थाच्या 'विद्' धातूपासून आला. म्हणजे आपल्या पूर्वजांनी दुःखाकडे दोन दिशांनी पाहिले : एक भोगलेला दंड म्हणून, दुसरी झालेली जाणीव म्हणून.

जाणिवेच्या बाजूने पाहणाऱ्यांनी फार बारकाई दाखविली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणाच्या वेदनांची गणना करताना तोदन, भेदन, छेदन येतात, आणि 'चुमुचुमायन' असा नादाचा शब्दही येतो. आपली चुणचुण, चुरचुर, ठसठस, हुळहुळ हे याच वळणाचे शब्द. रोनाल्ड मेलझॅक यांनी कॅनडातील मॅगिल विद्यापीठात तयार केलेली वेदनेची प्रश्नावली १९७५ साली प्रसिद्ध झाली. तीत ७८ शब्द वीस गटांत मांडले आहेत. रोग्याने निवडलेला शब्द हाच तेथे पुरावा मानला जातो. सुश्रुताच्या परंपरेला हे नवल वाटले नसते.

मनाच्या दुखण्यातही मराठीने हा विवेक सोडलेला नाही. टोचून बोलणारा जाणूनबुजून बोलतो. बोचते ते ऐकणाऱ्याला, बोलणाऱ्याच्या मनात नसले तरीही. खरे बोल झोंबतात. दुसऱ्याचे वैभव डोळ्यांत खुपते, त्यातून पोटशूळ उठतो. आणि 'सल' म्हणजे शल्य, आत मोडून राहिलेले बाणाचे टोक. जखम भरली तरी ते आत असतेच. कोंकणीत काटा 'तोंपता' आणि आग 'लासता'. एकीच्या जागी दुसरे घालून पाहावे, घरातले मूलही हसेल.

कोशकारांचे श्रम इथे कामी येतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. परंतु कोश कितीही मोठा असला, तरी साक्षीदाराच्या तोंडचा शब्द कागदावर उतरलाच नाही, तर तो उघडून काय उपयोग?

आता मी एक नियम पाळतो. पक्षकार दुखण्याविषयी बोलू लागला, की त्याचा शब्द त्याच्याच भाषेत टिपून घेतो, किती दिवस ते विचारतो, आणि हा शब्द जसाच्या तसा नोंदवून मग भाषांतर व्हावे, अशी न्यायालयाला विनंती करतो. कधी ती मान्य होते, कधी होत नाही. त्या बाई पुढे वारल्या. त्यांच्या बरगडीतली सणक किती दिवस राहिली होती, हे मी त्या दिवशी उभा राहून त्यांना पुन्हा विचारावयास हवे होते.