दमसासाची साधना

दीर्घ पल्ल्याचा धावपटू कसा घडवावा, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले आहे. किती धावावे याचा शोध घेता घेता, विसावा केव्हा आणि किती घ्यावा याचेही ज्ञान माणसाला होत गेले, असे हा इतिहास पाहता दिसून येते.

विसाव्या शतकाच्या आरंभी सरावात लांबवर चालण्याला मोठे स्थान होते. अति धावण्याने शरीर झिजते, अशी समजूत होती. फिनलंडचा पावो नुर्मी घड्याळ हातात घेऊन धावू लागला आणि आपली शक्ती सारख्या प्रमाणात खर्च करण्यास शिकला. १९२४ साली पॅरिस येथे त्याने १५०० आणि ५००० मीटरच्या शर्यती एकाच दिवशी जिंकल्या.

पुढची पायरी जर्मनीतील शिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी गाठली. धावपटूने छोटा टप्पा वेगाने धावावा. नाडीचे ठोके मिनिटाला १८० च्या आसपास गेले की थांबावे. ते १२० वर उतरले की पुन्हा धावावे. उतरण्यास दीड मिनिटाहून अधिक वेळ लागला, तर श्रम फाजील झाले असे समजावे. हृदय बळावते ते या मधल्या विसाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने टप्प्याटप्प्याच्या या धावण्याची परिसीमा गाठली. ४०० मीटरचे टप्पे तो एकामागून एक धावे. मध्ये थांबण्याऐवजी सावकाश धावत राही. सरावात तो कधी लष्करी बूटही घाली. १९५२ साली हेलसिंकी येथे त्याने ५००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. मॅरेथॉन तर तो प्रथमच धावत होता!

न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डचा मार्ग निराळा होता. बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या या गृहस्थाने प्रथम स्वतःवरच प्रयोग केले. आठवड्यास सुमारे १६० किलोमीटर धावावे, पण धाप लागणार नाही अशा बेताने. वेगाचा सराव शर्यतीचे दिवस जवळ आल्यावर करावा, असा त्याचा दंडक होता. ८०० मीटर धावणाऱ्या पीटर स्नेललाही त्याने तोच लावला. १९६० साली रोम येथे स्नेल आणि ५००० मीटरचा मरे हालबर्ग एकाच दिवशी विजयी झाले.

आज केनियाच्या डोंगराळ पठारावरील धावपटू कष्टाच्या दिवसाला सौम्य दिवसाची जोड देतात. त्यांच्या सरावात झाटोपेकचे टप्पे आहेत आणि लिडियार्डचे लांब पल्लेही आहेत. कोणतीही पिढी मागच्या पिढीचे सारे टाकून देत नाही. मात्र नुसती आवर्तने मोजून विसाव्याचे माप जो विसरतो, त्याच्या वाट्यास बहुधा दुखापतच येते.