‘मतपरीक्षा’ आणि तिचे तीन उत्तरपक्ष

भारतीय शास्त्रपरंपरेत सिद्धांतापूर्वी पूर्वपक्ष मांडावा लागतो. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्व बळानिशी समजून घेतल्याखेरीज त्याचे खंडन सिद्ध होत नाही, ही त्यामागील धारणा होय. परधर्मीयांशी झालेल्या वादांत ती कितपत पाळली गेली, हे ‘मतपरीक्षे’वरील वादात स्पष्ट दिसते.

ईस्ट इंडिया कंपनीचे मुलकी अधिकारी जॉन म्यूर यांनी १८३९ साली ख्रिस्ती मताच्या समर्थनार्थ ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत पद्यग्रंथ कलकत्त्यास प्रसिद्ध केला. त्याची रचना गुरुशिष्यसंवादाची आहे. प्रतिपक्षाची भाषा आणि ग्रंथपद्धती म्यूर यांनी परिश्रमाने आत्मसात केली होती. परंतु शिष्याच्या मुखातील शंका अखेर ग्रंथकारानेच निवडलेल्या होत्या. खरा पंडित कोणती शंका घेईल, हे कळण्यास पंडितच पुढे यावे लागले.

सोमनाथांच्या ‘मतपरीक्षाशिक्षे’ने (१८३९) ज्याला त्याला आपापला धर्मच हितकर, अशी सौम्य भूमिका घेतली. मात्र सत्य धर्म एकच असून तो परीक्षेने ओळखता येतो, या म्यूर यांच्या मूळ प्रतिज्ञेला तीमुळे बगल मिळाली. हरचंद्र तर्कपंचाननांच्या ‘मतपरीक्षोत्तरा’त (१८४०) आवेश अधिक आहे.

काशीस वाढलेले मराठी पंडित नीलकंठशास्त्री गोरे यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त (१८४४) निराळी वाट धरली. ईश्वर न्यायी व दयाळू आहे, हे ख्रिस्ती मत त्यांनी गृहीत धरले आणि मग विचारले: जीवास पूर्वजन्म व पूर्वकर्म नसेल, तर जन्मतःच दिसणारे सुखदुःखाचे वैषम्य आणि पशूंच्या यातना यांची संगती कशी लावावी? हा आक्षेप प्रतिपक्षाच्याच गृहीतकातून निघालेला आहे. ज्याने ते गृहीतक लक्षपूर्वक ऐकले, त्यालाच तो सुचणे शक्य होते.

अशा ऐकण्यात धोकाही असतो. १८४८ साली नीलकंठशास्त्र्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८६० च्या ‘षड्दर्शनदर्पणा’त त्यांनी आपल्याच पूर्वीच्या दर्शनांची परीक्षा मांडली. या घटनेवरून वादाचा जय-पराजय ठरविणे इतिहासदृष्ट्या अपुरे आहे. लेखकाच्या धर्मांतराने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’तील प्रश्न निकालात निघाला नाही, आणि तो प्रश्न मार्मिक होता म्हणून लेखकाचे मत स्थिर राहिले, असेही घडले नाही. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडणारा आपला सिद्धांतही परीक्षेस लावतो. हे मोल द्यावयाची तयारी नसेल, तर पूर्वपक्ष केवळ खंडनाची सोय होऊन बसतो.