अजगराची पेटी : ब्लँकेटपासून थर्मोस्टॅटपर्यंत

१८२० च्या दशकातील लंडन. टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात तेव्हा राजघराण्याचे प्राणिसंग्रहालय होते, तेराव्या शतकापासून चालत आलेले. सिंह, वाघ आणि अस्वलांच्या जोडीला तेथे परदेशांतून आणलेले प्रचंड सापही ठेवलेले असत. एके दिवशी तेथील प्रमुख रक्षक आल्फ्रेड कॉप्स याने कोंबडी हातात धरून एका मोठ्या सापाच्या तोंडापुढे नेली. सापाने झडप घातली. पण कोंबडी हुकली आणि कॉप्सचा अंगठा जबड्यात सापडला. पुढच्याच क्षणी विळखे त्याच्या हाताला आणि मानेला बसले. दोन मदतनिसांनी धावत येऊन सापाचे दात मोडले, तेव्हा कुठे रक्षक वाचला.

साप चुकला कसा? तो कात टाकण्याच्या बेतात होता. कात टाकण्यापूर्वी सापाच्या डोळ्यांवरची पारदर्शक खवली दुधी होते आणि काही दिवस त्याला जवळजवळ दिसेनासे होते. अशा वेळी अनुभवी माणूस सापाला अन्न देत नाही, हातही लावत नाही. ही गोष्ट आज सर्प अभ्यासणाऱ्या कोणत्याही नवशिक्याला ठाऊक असते. कॉप्सच्या काळी मात्र सापाविषयीचे ज्ञान पेटीच्या झाकणापाशीच थांबत असे.

त्या काळची पेटी म्हणजे खरोखरच पेटी होती. लाकडाची, जड झाकणाची, आणि आत ऊब म्हणून एक लोकरी ब्लँकेट. आपल्याकडच्या गारुड्याच्या टोपलीहून ती फार वेगळी नव्हती. आकार तेवढा मोठा. साप बाहेर पडू नये, एवढाच तिचा हेतू.

या ब्लँकेटमागे एक साधा गैरसमज होता. माणसाला ब्लँकेटात ऊब मिळते, कारण माणसाचे शरीर स्वतः उष्णता निर्माण करते आणि लोकर ती अडवून धरते. साप आपली ऊब बाहेरून घेतो. त्याला ब्लँकेटात गुंडाळणे म्हणजे थंड दगडाला गुंडाळण्यासारखे. १८५१ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एका बोआने तर आपले ब्लँकेटच गिळून टाकले आणि महिन्याहून अधिक काळाने ते ओकून बाहेर काढले. त्या काळच्या लेखकांनी ही हकिकत मोठ्या चवीने सांगितली आहे. त्या बोआला काय यातना झाल्या असतील, हा विचार त्यांना फारसा सुचलेला दिसत नाही.

तरीही या पेट्यांमध्ये एक विलक्षण गोष्ट घडत होती. १८२८ साली टॉवरमधील एका मादीने अंडी घातली आणि त्यांच्याभोवती शंकूसारखे वेटोळे घालून ती बसून राहिली. अंडी फळली नाहीत. पण १८४१ साली पॅरिसच्या वनस्पती उद्यानातील प्राणिसंग्रहालयात एका अजगर-मादीने तसेच वेटोळे घातले, तेव्हा आशिल व्हालांसिएन या प्राणिशास्त्रज्ञाने तिच्या विळख्यांत तापमापक ठेवला. सभोवतालच्या हवेपेक्षा मादी उष्ण होती! सुमारे आठ आठवड्यांनी काही अंड्यांतून पिल्ले बाहेर आली. शीत रक्ताचा म्हणून ओळखला जाणारा प्राणी स्वतः उष्णता कशी निर्माण करील? अनेकांनी विश्वास ठेवला नाही. या कोड्याचे उत्तर मिळायला सव्वाशे वर्षे जायची होती.

दरम्यान पेटीचे रूप बदलले, आणि ते बदलले एका करामुळे. इंग्लंडमध्ये शंभर वर्षे काचेवर वजनानुसार कर होता. जाड, मोठी काच ही श्रीमंतांची चैन होती. १८४५ साली तो कर रद्द झाला आणि काच झपाट्याने स्वस्त झाली. काचेची हरितगृहे आली, घरोघरी नेच्यांच्या काचपेट्या आल्या, मत्स्यालये आली. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने हिंस्र श्वापदांच्या एका जुन्या इमारतीत फेरफार करून जगातील पहिले सर्पगृह उघडले. समोर काच आणि आत साप. झाकण उघडल्याशिवाय साप पाहता येऊ लागला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

काच माणसाला सापापासून वाचवते. माणसाच्या मूर्खपणापासून नव्हे. २० ऑक्टोबर १८५२ रोजी सकाळी एडवर्ड गर्लिंग हा रक्षक रात्रभर मद्य पिऊन कामावर आला. त्याने गंमत म्हणून साप बाहेर काढले आणि त्यांतल्या नागाने त्याच्या नाकावर दंश केला. काही तासांतच तो रुग्णालयात मरण पावला. त्या वेळी प्रतिविष अस्तित्वातच नव्हते.

सर्पगृह पाहून परतणाऱ्या लोकांपैकी काहींना मग घरीच साप पाळावासा वाटू लागला. १८७० च्या दशकाच्या आरंभी लंडनमधील मान नावाच्या दांपत्याने घरात बोआ पाळले होते आणि शेजारी त्यावरून भयभीत झाले होते. जॉर्ज रोमेन्स याने प्राण्यांच्या बुद्धीवरील आपल्या १८८२ च्या ग्रंथात या पाळीव सापांची दखल घेतली आहे. १८९७ साली रेव्हरंड ग्रेगरी बेटमन यांनी ‘द व्हायव्हेरियम’ हे पुस्तक लिहिले. एका धर्मोपदेशकाने सरपटणाऱ्या प्राण्यांची घरे कशी बांधावीत, कशी मांडावीत आणि त्यांची निगा कशी राखावी, हे सामान्य हौशी माणसासाठी लिहून काढले. घरी बांधायची सर्पपेटी आता सुताराच्या अंदाजावर सोडायची गोष्ट राहिली नाही. तिचे शास्त्र होऊ लागले.

पण ते शास्त्र अजून अर्धेच होते. त्या काळच्या पेट्या तापवल्या जात त्या बहुधा खालून, गरम पाण्याच्या टाकीने किंवा नळांनी. सगळी पेटी सारखीच उबदार ठेवायची, असा विचार. मोठ्या सर्पगृहातही तेच. साप जगत, पण बरे जगत नसत. तोंड सडणे, फुप्फुसांचा दाह, गिळलेले भक्ष्य न पचता ओकून टाकणे, हे नित्याचे होते. ऊब आहे, काच आहे, अन्न आहे. मग उणे काय?

ते नेमके ओळखणारी व्यक्ती त्याच वर्षी, १८९७ मध्ये, लंडनमध्ये जन्मली. तिचे नाव जोन प्रॉक्टर.

जोनला लहानपणापासून सरडे-साप पाळण्याचा नाद होता. शाळेत असताना तिने एक छोटी मगर पाळली आणि एकदा ती थेट वर्गात नेली. आतड्यांच्या जुनाट आजारामुळे तिचे केंब्रिजला जाणे राहून गेले. पण ब्रिटिश म्युझियमच्या नैसर्गिक इतिहास विभागातील थोर सर्पतज्ज्ञ जॉर्ज बुलेंजर यांनी तिला १९१६ साली हाताखाली घेतले, आणि काही वर्षांतच तो विभाग ती सांभाळू लागली. १९२३ साली ती लंडन प्राणिसंग्रहालयाच्या सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रमुख झाली. त्या पदावर बसलेली ती पहिली स्त्री. वृत्तपत्रांना याचे अप्रूप वाटले ते एका तरुण मुलीने अजगर हाताळण्याचे. तिचे खरे काम मात्र विटा, तारा आणि काच यांत चालले होते.

वास्तुविशारद गाय डॉबर यांच्यासह तिने नवे सर्पगृह आखले. ते १९२७ साली उघडले. प्रेक्षकांची वाट अंधारी आणि पिंजरे उजळलेले, त्यामुळे काचेवर प्रतिबिंब पडत नाही आणि आतल्या प्राण्याला बाहेरची वर्दळही फारशी दिसत नाही. काचही साधी नव्हे. साधी काच अतिनील किरण अडवते. जोनने ते किरण आत येऊ देणारी विशेष काच वापरली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विजेची ऊब. ती सगळ्या पिंजऱ्यात सारखी पसरवलेली नव्हती, जागोजागी कमीजास्त ठेवलेली होती. ऊब हवी असेल तर सापाने इकडे यावे, नको असेल तर तिकडे जावे. किती तापायचे, हे ठरवण्याचा अधिकार रक्षकाकडून सापाकडे गेला.

आज हे वाक्य साधे वाटते. पण रानातला साप दिवसभर हेच करत असतो. सकाळी उन्हात, दुपारी सावलीत, पोटात भक्ष्य असेल तेव्हा पुन्हा उबेत. पोटातले अन्न पचवण्यासाठी त्याला उष्णता लागते. ती न मिळाल्यास अन्न आतच कुजू लागते. सगळी पेटी एकाच तापमानाची केली की हे निवडणे संपते, मग ते तापमान कितीही काळजीपूर्वक ठरवलेले असो. सरपटणारे प्राणी हालचालींतून आपले तापमान किती काटेकोरपणे राखतात, हे रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी अमेरिकेच्या वाळवंटात मोजून १९४४ साली प्रसिद्ध केले. जोनने ते सतरा वर्षे आधी भिंतीत बांधून ठेवले होते. ते पाहायला ती उरली नव्हती; १९३१ साली, अवघ्या ३४ व्या वर्षी, तिचे निधन झाले.

पॅरिसच्या त्या मादीचे कोडे १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये सुटले. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील अंडी उबवणाऱ्या ब्रह्मी अजगर-मादीचा अभ्यास झाला, तेव्हा दिसले की ती आपले स्नायू लयीत आकुंचित करते, जणू कुडकुडते, आणि त्या कुडकुडण्यातून उष्णता निर्माण करते. हवा जितकी थंड, तितकी आकुंचने जास्त. व्हालांसिएनचा तापमापक खोटे बोलत नव्हता.

यानंतर ही विद्या पुन्हा घरात शिरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ब्रह्मी अजगर पाळण्याची लाट आली आणि हौशी माणसे स्वतःच पेट्या बांधू लागली. पाच मीटरपर्यंत वाढू शकणाऱ्या प्राण्यासाठी बाजारातली मत्स्यालये पुरेनात. मग आठ फूट लांब आणि चार फूट रुंद प्लायवूडची पेटी. लाकूड ओलसर हवेने कुजू नये म्हणून आतून दोन-तीन हात रोगण, कोपऱ्यांतल्या सांध्यांत सिलिकॉन, पुढे सरकणाऱ्या काचा. एका टोकाला ३१-३२ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २५-२६. दिव्याभोवती जाळीचा पिंजरा, कारण तप्त दिव्याला विळखा घातलेला साप भाजत असतानाही लवकर सोडत नाही. मात्र भिंतीला जाळी नको. साप रात्रभर तिच्यावर नाक घासून तोंड रक्ताळून घेतो. ऊब थर्मोस्टॅटच्या ताब्यात. लपायला अंधारी जागा दोन्ही टोकांना हवी. एकाच टोकाला असेल तर भित्रा साप ऊब सोडील, पण आडोसा सोडणार नाही. जोन प्रॉक्टरचे सर्पगृहच जणू सुताराच्या दुकानात उतरले होते.

एक गोष्ट मात्र तिच्या सर्पगृहात गृहीत होती आणि घराघरांत राहून गेली. कुलूप. मोठा साप म्हणजे सारा स्नायू. तो झाकण धडक देऊन उघडत नाही. नाकाने फट शोधतो आणि सावकाश, तासन्‌तास रेटत राहतो. वरून ठेवलेले वजन त्याच्यापुढे टिकत नाही. २००९ साली फ्लोरिडातील एका घरात ब्रह्मी अजगर काचेच्या टाकीत ठेवलेला होता आणि टाकीवर झाकण म्हणून एक गोधडी रबरी दोऱ्यांनी बांधलेली होती. रात्री तो बाहेर पडला. सकाळी घरातील दोन वर्षांची मुलगी पाळण्यात मृतावस्थेत सापडली.

काही साप निसटले, आणि वाढलेला प्राणी झेपेना म्हणून काही मालकांनी आपले साप स्वतःच सोडून दिले. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात अजगरांचे एक पैदास केंद्र उद्ध्वस्त झाले, त्यातूनही काही निसटले असावेत. फ्लोरिडाच्या दलदलीत, एव्हरग्लेड्समध्ये, हवा उबदार होती आणि भक्ष्य अमाप. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील रस्त्यांवर दिसणाऱ्या सस्तन प्राण्यांची जुन्या नोंदींशी तुलना केली गेली. रकून दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटले होते, ओपोसमचे जवळजवळ तितकेच, आणि रानमांजरांच्या जातीतील बॉबकॅटचे सुमारे ८७ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेने ब्रह्मी अजगराच्या आयातीवर बंदी घातली.

भारतात हा प्रश्न या वळणाने गेला नाही, कारण आपला अजगर आपल्याच रानातला आहे. सह्याद्रीपासून विदर्भातल्या जंगलांपर्यंत तो आढळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे. म्हणजे वाघाला मिळते त्या श्रेणीचे संरक्षण. घरी पेटी बांधून त्याला पाळणे हा गुन्हा ठरतो, पेटी कितीही शास्त्रशुद्ध असो. उसाच्या फडात किंवा विहिरीत अजगर दिसला की सर्पमित्राला बोलावले जाते. तो अजगराला सुती पोत्यात घालतो, तोंड बांधतो, वन विभागाकडे नोंद करतो आणि शक्य तितक्या लवकर त्याच परिसरातील रानात सोडून येतो.